तरवारीचा गंज आणि तरवारीचा पुरावा

कर्जत व खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके शस्त्रांच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. खालापूर तालुक्यांत चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. तेथें ता. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखान व रायबागन यांच्या फौजेस रानांत कोंडून शरण आणिलें. या प्रसंगाचें वर्णन कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत आलें असून तो ग्रंथ स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केला. कर्जत तालुक्यांत पेठचा किल्ला ऊर्फ कोथळीगड आहे. संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तेथें शस्त्रसाठा असे, व १६८४ सालीं तो किल्ला मोगलांनीं घेतला. अशा मुलुखांत एखाद्या जुन्या घराच्या देव्हाऱ्यांत तरवार आढळावी यांत नवल नाहीं, आणि ती अमक्या लढाईंत मिळाली अशी कथा तिच्याभोंवतीं वाढावी यांतहि नवल नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या कथा नव्हेत. ज्या वस्तूवर कथा उभी आहे ती वस्तु दुरुस्तीच्या नांवाखालीं कशी नाहींशी होते व ती कशी राखावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. दसऱ्याच्या आधीं तरवार 'लख्ख' करून घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पातें विजेच्या चाकावर धरलें कीं घटकाभरांत आरशासारखें चकाकतें. परंतु जें गळून पडतें तो केवळ गंज नसतो. सोन्याच्या तारेनें बसविलेलीं उथळ अक्षरें, पोलादांतील जौहर, कारागिराचा शिक्का, सराफाच्या हातच्यासारखी बारीक टिंबांची खूण, हीं सर्व त्याच पृष्ठभागावर असतात व त्याच्याबरोबरच जातात. जुन्या कागदावरील फिकट मोडी नव्या शाईनें गिरविणारास आपण संशोधक म्हणत नाहीं. पात्यावर चाक फिरविणाराचें कृत्य त्याहूनहि वाईट आहे. गिरविलेल्या अक्षराखालीं मूळ अक्षर निदान शिल्लक तरी असतें.

अशा खुणांची किंमत काय, हें बिकानेरच्या शस्त्रागारावरून कळतें. महाराजा अनूपसिंह यानें १६८९ सालीं अदोनीच्या वेढ्यांत मिळविलेल्या शस्त्रांवर टिंबाटिंबांनीं अक्षरें ठोकून तशी नोंद केली. त्यामुळें तीं शस्त्रें आज देशोदेशींच्या संग्रहालयांत गेलीं असतांहि तीं कोठलीं व केव्हांचीं हें निश्चितपणें सांगतां येतें. उंबरखिंडीची म्हणून दाखविली जाणारी एखादी तरवार खरोखर तेथली असेल, तर ती सिद्ध करणारी खूण गंजाच्या पापुद्र्याखालींच असावयाची. ती चाकाखालीं गेल्यावर मग कथा खरी कीं खोटी हा प्रश्नच उरत नाहीं. तो सोडविण्याचें साधन नाहींसें झालेलें असतें.

नवशिक्यानें दुरुस्तीचा हात कोठें बसवावा, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. आमचें उत्तर असें कीं, तो शोभेच्या तरवारीवर बसवावा. याचें एक उदाहरण देतों. कर्जत तालुक्यांतील एका घरांतून जपानी घाटाची एक तरवार आमच्याकडे आली. मूठ हालत होती, मुठीवरील दोरी सुटली होती, म्यान उकललें होतें व पात्यावर डाग पडले होते. ती ब्रह्मदेशच्या लढाईंतून आली असावी असा घरच्या मंडळींचा समज होता. हा समज ऐकतांच हंसण्यासारखा नव्हता. १९४४ च्या मार्चांत सांगशाक येथें जपान्यांशीं झालेल्या झुंजींत मराठा पायदळाची चौथी पलटण होती, आणि १९४५ च्या शरणागतीनंतर जपानी अंमलदारांच्या तरवारी हिंदी फौजेच्या हातीं आल्या. म्हणून दुरुस्तीपूर्वीं परीक्षा करणें अवश्य झालें.

खऱ्या जपानी तरवारींत पात्याचें शेपूट लांब व रुंद असून तें लांकडी मुठींत सरकवितात, व मुठीच्या आरपार बांबूची एक लहानशी खुंटी ठोकून तें अडकवितात. खुंटी काढली कीं सर्व भाग सुटे होतात. कारागीर आपलें नांव कोरतो तें याच शेपटावर. तेथील गंज जपानांत कोणीहि कधीं घांसून काढीत नाहीं, कारण त्याच्या रंगावरून व खोलीवरून जाणते लोक पात्याचें वय ठरवितात. मुठीवर पाकट माशाचें खरखरीत कातडें असून त्यावर दोरीचे वेढे असतात. पात्यास पाणी देतांना त्यावर मातीचा लेप कमीजास्त जाडीचा देतात, त्यामुळें धारेलगत धुक्यासारखी एक पट्टी उमटते. ती पोलादाच्या घडणींतलीच असते. दुसऱ्या महायुद्धांतील फौजी तरवारींचे प्रकारहि ठरलेले आहेत. १९३५ च्या नमुन्याच्या, खालच्या दर्जाच्या अंमलदारांकरितां केलेल्या तरवारीची मूठ ओतीव धातूची असून पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. वरच्या अंमलदारांच्या १९३४ व १९३८ च्या नमुन्यांत कारखान्यांतलीं पातीं असत, तशींच कधीं कधीं घराण्यांतलीं जुनीं पातींहि फौजी मुठींत बसविलेलीं असत.

आमच्यापुढील तरवारींत यांपैकीं कांहीं नव्हतें. मुठींत खुंटी नव्हती. टोंकाशीं एक चाकी होती, व ती फिरवितांच आंत बोटाएवढ्याहि जाडीची नसलेली, पात्यास डाक दिलेली सळई दिसली. मूठ प्लॅस्टिकची होती, कातड्याचा खरखरीतपणा सांच्यांतून आलेला होता, आणि धारेलगतची पट्टी वरवर आम्लानें उठविलेली होती. पातें न गंजणाऱ्या पोलादाचें असून त्यावर डाग मात्र आले होते. तात्पर्य, तरवार भिंतीवर टांगण्यासाठीं केलेली व अलीकडची. ब्रह्मदेशचा समज येथें संपला. पण तो पुराव्यानें संपला, ही गोष्ट महत्त्वाची. आधीं चिकटवाचिकटव केली असती तर ती सळई दिसलीच नसती.

दुरुस्ती पुढीलप्रमाणें केली. प्रथम सर्व बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं व लांबी, रुंदी, वजन यांची टिपणी केली. पातें मऊ फडक्यानें व किंचित् यंत्रतेलानें पुसलें. डाग राहिले ते राहूं दिले, कारण आम्लाची पट्टी घांसतांच जाते. सळई व मूठ यांमधील पोकळींत बांबूच्या पातळ चोया बसवून चाकी आवळली. दोरी सोडतांना प्रत्येक वेढ्याचें रेखाचित्र काढलें व तीच दोरी त्याच क्रमानें पुन्हां गुंडाळली. म्यानाची चीर सरसानें सांधून सुती पट्ट्यांनीं दोन दिवस बांधून ठेविली. हल्लींचीं रासायनिक चिकटद्रव्यें न वापरण्याचें कारण हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. खळीनें लाविलेलें ठिगळ जसें पाण्यानें सुटतें, तसा सरस कोमट पाण्यानें सुटतो. आपल्यामागून येणाऱ्या अधिक जाणत्या हातास आपलें काम उलगडतां आलें पाहिजे. शेवटीं, अशी तरवार कोणीं फिरवूं नये अशी सूचना मालकांस लेखी दिली; बारीक सळईचें पातें हिसक्यासरशीं मुठींतून तुटून उडतें.

याच रीतीनें देव्हाऱ्यांतील तरवारीकडे वळतां येतें, मात्र दोहोंची घडण निराळी आहे. आमच्याकडील तरवारीचें शेपूट आंखूड असून तें लोखंडी मुठींत लाख व राळ यांच्या वितळलेल्या मिश्रणानें बसवीत. मूठ सैल झाली म्हणजे ती विस्तवावर धरण्याची चाल आहे. तिनें लाख वितळते खरी, पण पात्याचें पाणी उतरतें व मुठीवरील सोन्यारुप्याची कोफ्तगरी उखळते. नवशिक्यानें मूठ काढूंच नये. परजेच्या आंतल्या बाजूस हाताला मऊ लागावी म्हणून कापडाची गादी चिकटविलेली असते. ती मळकट म्हणून फेकूं नये. पातें फिरंगी असेल तर त्यावरील दांतेरी चंद्रकोरी अथवा लांडग्याची आकृति जपावी. परंतु त्यावरून लगेच निर्णय करूं नये. हे युरोपांतील शिक्के इकडील लोहारांनींहि हुबेहूब उठविले आहेत. शिवाय पातें एका काळाचें व मूठ दुसऱ्या काळाची हें आमच्या तरवारींत नित्याचेंच आहे. मूठ पाहून पात्याचा शक सांगणें म्हणजे बांधणी पाहून पोथीचा शक सांगण्यासारखें होय.

हीं कामें जाणणारे लोक कां उरले नाहींत, याचें उत्तर इतिहासांतच आहे. जपानांत १८७६ सालीं सामान्य लोकांस तरवार लावून उघडपणें फिरण्यास बंदी झाली. हिंदुस्थानांत १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा आला. दोन वर्षांच्या अंतरानें दोन्ही देशांतील कारागिरांचा धंदा बसला. तिकडे परजा व मुठींचीं भूषणें घडविणारे हात परदेशीं पाठविण्याच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. तरीहि पातीं उजळणाऱ्यांची परंपरा टिकली, व तींत आजहि सुमारें दहा वर्षें उमेदवारी करावी लागते. इकडे शिकलगार सुऱ्याकात्र्यांच्या धारेकडे वळला. देव्हाऱ्यांतल्या तरवारीस मग विजेचें चाक तेवढें उरलें.

या दोन तालुक्यांत हवाहि शत्रूच आहे. वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, व चार महिने भिंती ओलसर असतात. कातडी म्यान ओल धरून ठेवतें. म्हणून पावसाळ्यांत पातें म्यानाबाहेर, कोरड्या सुती कापडांत, तेलाचा अगदीं पातळ हात देऊन ठेवावें. लिंबू, नारळाचें पाणी व ओलें हळदकुंकू हीं पात्यावर वाळूं देऊं नयेत. पूजा मोडूं नये. पण फूल व अक्षता परजेवर वाहाव्या आणि त्याच दिवशीं पातें पुसून घ्यावें. गंज पाहावा तो रंगानें: तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो तेलांत भिजवून बांबूच्या काडीनें हलकेच काढावा. काळसर, घट्ट बसलेला थर पात्याचें कवचच असतो, त्यास हात लावूं नये. कागद घांसणारें वा धातु खाणारें कोणतेंहि द्रव्य वापरूं नये.

कायद्याचीहि आठवण ठेवावी. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील अशी वस्तु पुरावशेष ठरते व ती परवानगीवांचून परदेशीं नेतां येत नाहीं. हस्तलिखितांस हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मोठ्या पात्याचें धारदार शस्त्र बाळगण्यास १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियम लागूं पडतात. त्याविषयीं तालुक्याच्या ठिकाणीं चौकशी करून घ्यावी.

सारांश, दुरुस्ती म्हणजे वस्तूस पुन्हां नवी करणें नव्हे. तिची हानि थांबविणें होय. ज्यांच्या घरीं तरवार आहे त्यांनीं ती कोणाहि कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं पात्याच्या दोन्ही बाजूंचीं, मुठीचीं व प्रत्येक अक्षराचीं छायाचित्रें घ्यावींत, घरांतील वडील माणसें तिच्याविषयीं काय सांगतात तें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावें, आणि तो कागद दप्तरांतील इतर कागदांबरोबर राखावा. उंबरखिंडीच्या व कोथळीगडाच्या परिसरांतील घराघरांतून अशीं टिपणें एकत्र झालीं, तर येथील शस्त्रांविषयीं अनुमानानें नव्हे, पुराव्यानें लिहितां येईल.