तांबडा म्हणजे लाल नव्हे

कोल्हापुरात जेवायला बसल्यावर 'लाल रस्सा द्या' म्हणून बघा. वाढणारा ओळखतोच, पाहुणे बाहेरचे. इथं रस्सा तांबडाच. आज या एका शब्दाबद्दल बोलू, आणि मध्येच स्वीडनलाही जाऊन येऊ.

'लाल' आपल्याकडे फारसीतून आला. तिथं लाल म्हणजे माणिक. 'तांबडा' तांब्यावरून पडला, मूळ संस्कृत 'ताम्र'. एक रत्नाचा रंग, दुसरा घरातल्या हंड्याचा. म्हणून सिग्नल लाल, पण भोपळा तांबडा, गाय तांबडी आणि पहाटे फुटतं तेही तांबडंच. गव्हावर पडणारा तांबेरा याच कुळातला. भूगोलात समुद्रसुद्धा तांबडा!

आता स्वीडन. तिथल्या फालून गावात शेकडो वर्षं तांब्याची खाण चालली. १९९२ मध्ये ती बंद झाली, २००१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. खाणीतल्या टाकाऊ मातीपासून जो रंग बनतो त्याला म्हणतात, उच्चार साधारण असा, 'फालूरॉड'. श्रीमंतांच्या विटांच्या वाड्यांसारखं दिसावं म्हणून लोक तो लाकडी घरांना लावू लागले. आज स्वीडिश माणसाला गावाकडचं घर आठवतं ते याच रंगात.

गंमत अशी, की त्या रंगाचा तांबडेपणा तांब्याचा नाहीच. तो लोहाच्या ऑक्साईडचा, म्हणजे गंजाच्या जातीचा. आपल्या पन्हाळा-राधानगरीकडच्या जांभ्याच्या मातीचंही तेच. नाव तांब्याचं, काम लोखंडाचं! आणि रश्श्याचा रंग तर मिरचीचा. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. शब्द तिच्याहून कितीतरी जुना.

मी दिवसभर स्क्रीनवर कलर कोड टाकणारा माणूस. लालला कोड आहे. तांबड्याला कुठला देणार? गाय, माती आणि पहाट एका रंगाच्या नाहीतच. तपकिरीपासून केशरीपर्यंतचा सगळा पट्टा हा एकटा शब्द सांभाळायचा. आमच्या पिढीनं तिथं 'लाल' नाहीतर सरळ 'रेड' बसवलं. भालजी पेंढारकरांच्या १९६९ च्या सिनेमाचं नाव 'तांबडी माती' होतं. आज कुस्तीच्या कॉमेंट्रीत ऐका, 'लाल माती' म्हणतात. रश्श्यात मात्र तांबडा टिकलाय. शेजारी पांढऱ्याची वाटी आहे म्हणून असेल, असं आपलं माझं मत.

तुमच्या घरी अजून कशाकशाला तांबडं म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा. आजीच्या आवाजात असेल तर पुढच्या भागात आधी तीच लावू.