तोफांचा अभिमान आणि खानदेशचा हिशेब

श्रीमंत यशवंतराव होळकरांच्या तोफांची कथा आम्ही शाळेत अनेक वर्षे अभिमानाने सांगितली. १८०५ च्या तहानंतर इंग्रजांशी पुन्हा झुंजण्याच्या ईर्षेने त्यांनी भानपुऱ्यास तोफा ओतविल्या, स्वतः भट्टीपुढे राबले. तो अभिमान यथार्थच होय. तथापि खर्चाची बाजू आम्ही सांगितली नाही. कवायती पलटणींस रोख पगार लागे. वसूल अपुरा, म्हणून फौज मुलखावर पोसली जाई. कारखान्यापूर्वीच, १८०२ मध्ये, होळकरी फौजेने आपला खानदेश लुटला. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. पुढे १८१७ त महिदपुरास तोफा गेल्या आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहाने खानदेशातील होळकरी मुलूखही गेला. ज्ञातिबांधवहो, मुलांस तोफा अवश्य सांगाव्या. पण कोणाची शेते उजाड झाली, तेही सांगावे.