अंगठा आणि आकडा

आपल्याकडे पत ही जमिनीला चिकटलेली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि हळूहळू गावोगाव सोसायट्या उभ्या राहिल्या. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा, हा हेतू चांगलाच होता. पण सोसायटी कर्ज द्यायची सातबारा पाहून, आणि सातबाऱ्यावर नाव असायचे घरधन्याचे. मग रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने अडीनडीला जायचे कुठे? पुन्हा सावकाराकडेच, नाहीतर फडताळातल्या डब्याकडे.

कर्नाटकात १९८०च्या दशकात ‘मायराडा’ संस्थेला एक गंमत दिसली. मोठ्या सोसायट्या मोडल्या, पण त्यांतलीच ओळखीपाळखीची दहा-वीस माणसे एकत्र बसून आपले देणे फेडू लागली. त्या अनुभवातून पुढे १९९२ मध्ये ‘नाबार्ड’ने पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. नोंदणी नसलेल्या गटाचे खाते उघडायचे आणि तारणाशिवाय कर्ज द्यायचे! अनेक बँक मॅनेजरांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. (छोट्या कर्जांचा पुढे कंपन्यांनी धंदाही केला. वसुलीचा जाच इतका वाढला, की २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारला वटहुकूम काढावा लागला. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

आता साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात येऊ. म्हसवडच्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे ठेवायचे, तर एवढ्याशा रकमेचे खाते बँक उघडेना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांची स्वतंत्र बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण कागदावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमचे साहेब कॅल्क्युलेटरशिवाय आधी सांगतात का, बघूच. १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली.

मजुरी बुडवून बँकेत येणार कोण? म्हणून बँकच दारोदार गेली. पुढे कार्ड आले. पिनचा नंबर ध्यानात ठेवा, असे बँकेने सांगितले. बायकांनी नको म्हटले. नंबर कुणीही चोरील आणि पैसे काढून नेईल. अंगठा आपल्या हाताला असतो, तो कसा चोरणार?