विचारणार नाही, पण सांगितलंस तर…

ॲडमिटचा ईमेल आला त्याच रात्री मला अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं गेलं. तिथे दिवसभर एकच चर्चा: लोन कुठून काढलं, आय-२० आला का, कुकर तीन लिटरचा न्यावा की पाच. माझ्याकडे या सगळ्याशिवाय आणखी एक प्रश्न होता, आणि तो ग्रुपवर विचारण्यासारखा नव्हता. मी गे आहे. या फॉर्म भरण्याच्या भानगडीत हे कुणाला कळणार, आणि कुणाला आधी?

प्रोग्रॅमरची सवय अशी की बग दिसला की कोडची हिस्टरी काढायची. मी अमेरिकी व्हिसाची काढली.

आपली समजूत सरळ असते: कलम ३७७ इथे, मोकळीक तिथे. पण १९५२च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात ‘सायकोपॅथिक पर्सनॅलिटी’ असलेल्या परदेशी माणसाला प्रवेशबंदी होती, आणि अधिकारी त्यात समलैंगिकांना धरत. १९६५मध्ये कायदा बदलला. देशवार कोटा गेला आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना तिकडचं दार उघडलं. घरोघरच्या ‘अमेरिकेतल्या काकां’ची गोष्ट इथूनच सुरू होते. त्याच दुरुस्तीत, शंका राहू नये म्हणून, ‘सेक्शुअल डीव्हिएशन’ हे शब्दही घातले गेले. म्हणजे त्या काकांपैकी एखादा माझ्यासारखा असेल, तर ज्या कायद्याने त्याला आत घेतलं, त्याच कायद्याने तो आत यायला अपात्र होता.

क्लाइव्ह बुटिलिए हा कॅनडातला मुलगा १९५५मध्ये, २१ वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. इमारतींच्या देखभालीचं काम करायचा, जोडीदारासोबत राहायचा. १९६३मध्ये त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि १९५९मध्ये आपल्याला एकदा अटक झाल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं. ती केस टिकलीही नव्हती. पण अधिकाऱ्यांनी पुढे प्रश्न विचारले, त्याने सगळी उत्तरं दिली, आणि त्या जबाबावरून सरकारी डॉक्टरांनी त्याला ‘सायकोपॅथिक पर्सनॅलिटी’ असल्याचं सर्टिफिकेट दिलं. त्याच्या बाजूच्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत वेगळं होतं. सुप्रीम कोर्टाने २२ मे १९६७ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी त्याची हकालपट्टी कायम केली. कोर्ट म्हणालं, हा शब्द वैद्यकीय नाहीच, काँग्रेसने तो कायद्याचा म्हणून वापरलाय. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला लागलं, हे मला अजून कळलेलं नाही.

हे वाचताना माझा व्हिसाचा फॉर्म शेजारच्या टॅबमध्ये अर्धवट उघडा होता. एका रकान्यात खरं लिहिलं आणि बारा वर्षांचा संसार गेला.

१९७३मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १९७९मध्ये सर्जन जनरलने आपल्या डॉक्टरांना असली सर्टिफिकेटं देणं थांबवायला सांगितलं. कायदा मात्र होता तिथेच. मग १९८०मध्ये इमिग्रेशन खात्याने जो तोडगा काढला, तो कुठल्याही मराठी घरात शोभला असता. अधिकाऱ्याने प्रवाशाला काही विचारायचं नाही. पण तो स्वतःहून, न विचारता, स्पष्ट बोलला, तर पुढची चौकशी. बरोबर आलेल्या दुसऱ्या प्रवाशाने चुगली केली तरी बाजूला घ्यायचं. मात्र तेव्हा ‘नाही’ म्हटलं की सोडून द्यायचं.

ही व्यवस्था १९९०मध्ये काँग्रेसने ती तरतूद काढेपर्यंत चालली. १९८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी दक्षिण आशियाई समलैंगिकांसाठी ‘त्रिकोण’ सुरू केलं, तेव्हा कायद्याच्या पुस्तकात ती बंदी जिवंत होती. अशा काळात नावानिशी वार्तापत्र काढायला काय लागत असेल, याचा मी बराच विचार केला. एचआयव्ही असलेल्यांवरची वेगळी बंदी १९८७मध्ये आली, ती थेट जानेवारी २०१०मध्ये उठली.

आज गे असणं हे व्हिसा नाकारण्याचं कारण नाही. पण फॉर्मवर पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी हँडल्स द्यावी लागतात, आणि जून २०२५पासून विद्यार्थ्यांनी अकाउंट पब्लिक ठेवायचं. माझं इन्स्टा प्रायव्हेट होतं, ते व्हिसा अधिकाऱ्याच्या भीतीने नाही. मामा, दोन मावश्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यामुळे. त्यात प्राइडचे फोटो आहेत, त्याच्याबरोबरचे महाबळेश्वरचे आहेत. डिलीट करावेत असं एक रात्र वाटलं. नाही केले.

म्हणून सेटिंग बदलायच्या आधी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फॉर्मवर लिहिलंयस का हे?”

“नाही गं. फॉर्मवर विचारत नाहीत.”

पुन्हा शांतता. “आणि तुझा तो रूममेट? तो पण जातोय का बरोबर?”

तिला एफ-२ म्हणजे काय ते सांगितलं. विद्यार्थ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो. तिकडे २०१३पासून आमच्यासारख्यांचं लग्नही त्यात धरतात, पण लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर हवं, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी असं लग्न मान्य करायला नकार दिला. थायलंडला जाऊन करता येईल. त्याची कागदपत्रं बघतोय.

“थायलंडला?” आई म्हणाली. “आणि मला कधी सांगणार होतास?”

फॉर्मवर ‘मॅरिटल स्टेटस’समोर मी ‘सिंगल’ निवडलंय. मुलाखत पुढच्या गुरुवारी, बीकेसीला, सकाळी साडेनऊची.