दोन दिवस, तीन नाटके : एकट्याने मुंबईवारी

मराठी व्यावसायिक नाटके गावोगावी दौरे करतात. परंतु नव्या नाटकाचे सुरुवातीचे प्रयोग बहुधा मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच होतात, आणि पुढे दौरा निघेलच याची शाश्वती नसते. कलाकारांच्या चित्रीकरणाच्या तारखा जुळेनाशा झाल्या की चांगले चाललेले नाटकही थांबते. सोबत मिळाली की पाहू, असे म्हणणाऱ्यांची कितीतरी नाटके यामुळे कायमची हुकतात. पुणे, नाशिक वा कोल्हापूरच्या रसिकाने शनिवार-रविवार काढून एकट्यानेच मुंबई गाठावी, हा त्यावरचा साधा उपाय.

अशा सहलीचे नियोजन हॉटेलपासून नव्हे, तिकिटापासून सुरू करावे. व्यावसायिक नाटकांच्या तारखा फार आधी जाहीर होत नाहीत. वृत्तपत्रांतील जाहिराती, ‘बुक माय शो’ व ‘तिकिटालय’ यांवर आठवडाभर आधीपासून लक्ष ठेवले की चित्र स्पष्ट होते. येथे एकट्या प्रेक्षकाचे पारडे जड असते. जोड्या आणि कुटुंबे बसून झाल्यावर प्लॅनवर मधल्या रांगांत एखादी खुर्ची हमखास सुटी उरते. ती दोघांना निरुपयोगी, एकट्याला मात्र सोन्यासारखी.

मुक्कामासाठी दादरसारखे दुसरे ठिकाण नाही. मध्य व पश्चिम रेल्वे येथे मिळतात. प्लाझा चित्रपटगृहासमोरचे १९६५ पासूनचे शिवाजी मंदिर स्थानकापासून पायी अंतरावर आहे. माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर आणि नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा खुले झालेले प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर ही दोन्ही जवळच. स्थानकालगतच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक रंगभूमीची चळवळ बहरली होती; आज पाहण्यासारखे फारसे नसले तरी नाट्यवेडा त्या गल्लीतून एक फेरी मारतोच. मधल्या वेळच्या भुकेसाठी शिवसेना भवनाजवळचे ‘आस्वाद’ वा ‘प्रकाश’ आहेत. मध्यंतरातील बटाटेवडा हा वेगळा विषय. त्यासाठी रांगेत धावावेच लागते. काही लॉजमध्ये एकट्या व्यक्तीला, विशेषतः एकट्या स्त्रीला, खोली देताना का-कू केली जाते. फोनवर स्पष्ट विचारून मगच पैसे भरावेत.

तीनपैकी एक नाटक तरी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये पाहावे. शशी व जेनिफर कपूर यांनी उभारलेल्या या नाट्यगृहात सुमारे दोनशेच प्रेक्षक मावतात आणि ते रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा इतके ते जवळ असतात. १९७८ च्या ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनीच, हे थिएटर सुरू झाले, आणि प्रारंभीचे नाटक होते गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे हिंदी रूप. येथे आसनक्रमांक नसतात, त्यामुळे लवकर रांगेत उभे राहावे. उशिरा येणाऱ्यास, मग तो कितीही लांबून आलेला असो, प्रवेश मिळत नाही. विलेपार्ले स्थानकातून रिक्षा मिळते. दादर परिसरात मात्र रिक्षा नाहीत, टॅक्सीच करावी लागते, हे बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचे टाटा थिएटर (१९८०) दूर वाटते. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या मेट्रो-३ ने दादरहून विधान भवन स्थानकापर्यंत जाता येते आणि तेथून पुढे चालत.

वेळापत्रक आखताना दोन गोष्टी घात करतात. पहिली, रविवारचा मेगाब्लॉक. तो नेमका दुपारच्या प्रयोगाला निघण्याच्या वेळीच असतो; शनिवारी त्याची घोषणा वाचून मार्ग ठरवावा. दुसरी, दोन प्रयोगांमधले अंतर. नाटक मध्यंतरासह अडीच तासांचे धरले, तरी पहिली घंटा उशिरा होते. दुपारचे नाटक ठाण्याच्या गडकरी रंगायतनात आणि रात्रीचे जुहूला, असा बेत कागदावरच शोभतो. एका दिवसात दोन नाटके पाहायची तर दोन्ही एकाच रेल्वेमार्गावरची निवडावीत.

रात्रीचा प्रयोग संपतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. लोकल मध्यरात्रीपर्यंत असतात, मेट्रो त्याआधीच थांबते. एकट्या स्त्रीने रात्रीसाठी मुक्कामाजवळचे नाट्यगृह निवडावे आणि लांबचे नाटक दुपारी पाहावे. लोकलच्या महिला डब्यात रात्री पोलीस असतो. तरीही प्रेक्षकांचा लोंढा स्थानकाकडे निघतो, त्याच्यासोबतच निघणे बरे.

पुणेकरांची डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी पाच-दहाला सुटते. म्हणजे रविवारी दुपारच्या चारच्या प्रयोगाला बसणाऱ्याला ती मिळत नाही. त्याने दादरहून शिवनेरीचे आरक्षण आधीच करून ठेवावे आणि बसची वेळ नाटक संपल्यावर किमान दीड तासाने घ्यावी.