इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आणि मानसिक स्वास्थ्य : एक ऐतिहासिक अवलोकन

भीतीने पोटात गोळा येतो, हे सांगण्यासाठी मराठी माणसाला वैद्यकाची गरज भासत नाही. चरकसंहितेनेही अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज असे दोन प्रकार गणले आहेत. तेव्हा मन आणि आतडे यांचा संबंध हा काही नवा शोध नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. या संबंधाचा अर्थ कोणी लावला, आणि कोणत्या रुग्णांना पाहून लावला? प्रस्तुत लेखात या अंगाने इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचा विचार केला आहे. या विकारात पोट दुखते, शौचाच्या सवयी बिघडतात; मात्र नेहमीच्या तपासण्यांत आतड्यावर जखम वा सूज आढळत नाही.

सर विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथात 'म्यूकस कोलायटिस' या नावाने अशा रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण बहुधा स्त्रिया असून त्या उन्मादी व आजाराच्या चिंतेने ग्रासलेल्या असतात, असा त्यांचा अभिप्राय होता. १९४४ मध्ये पीटर्स व बार्गेन यांच्या लेखामुळे आजचे नाव रूढ होऊ लागले. नाव बदलले तरी रुग्णाच्या स्वभावावरचा ठपका पुसला गेला नाही. आतड्यात दोष सापडत नाही, म्हणून तो मनात असला पाहिजे, हे अनुमान तर्काला धरून नव्हते. पण सोयीचे होते.

प्रयोगशाळेतील पुरावा याहून वेगळे काही सांगत होता. हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन यांनी १८९७-९८ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांचे पचन पाहिले. मांजर चिडले की जठराची हालचाल थांबे. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस आल्मी यांनी एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी चालू असताना कर्करोग सापडल्याचा बनाव केला. आतडे आकुंचन पावले, लाल झाले. बनाव उघड करताच ते पूर्ववत झाले. (आजची संशोधननीती असा प्रयोग मुळीच मान्य करणार नाही.) हा विद्यार्थी निरोगी होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. धास्तीने आतडे आवळले जाण्यासाठी स्वभावात विकृती असावी लागत नाही.

निर्णायक वळण १९८८ मध्ये आले. डग्लस ड्रॉसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅरोलायना येथे तीन गटांची तुलना केली : उपचार घेणारे ७२ रुग्ण, हीच लक्षणे असूनही डॉक्टरांकडे न गेलेले ८२ जण आणि ८४ निरोगी व्यक्ती. मानसिक अस्वास्थ्य ठळकपणे दिसले ते पहिल्या गटात. दुसरा गट निरोगी व्यक्तींच्या बराच जवळ होता. म्हणजे शतकभर ज्याला आजाराचे लक्षण मानले, त्याचा बराचसा संबंध डॉक्टरांकडे जाण्याशी होता. दफ्तरखान्यात जेवढे कागद उरले तेवढाच भूतकाळ मानण्याची चूक इतिहास संशोधकाला परिचित आहे. येथे दवाखाना हाच दफ्तरखाना झाला होता.

याचा अर्थ मनाचा संबंध नाही असा नव्हे. नताशा कोलोस्की व निकोलस टॅली प्रभृतींनी ऑस्ट्रेलियात त्याच लोकांची १२ वर्षांच्या अंतराने पाहणी केली. २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी चिंताग्रस्त असलेल्यांपैकी काहींना पुढे पोटाचे विकार जडले. तसेच आरंभी केवळ पोटाचा विकार असलेल्यांत पुढे चिंता व नैराश्य वाढले. दुःखाचा प्रवास दोन्ही दिशांनी होतो. २०१६ च्या 'रोम ४' निकषांनी या विकारांना आतडे व मेंदू यांच्या परस्परक्रियेतील बिघाड म्हटले, ते यामुळेच.

भारतातील चित्र या संदर्भात बोलके आहे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कृतिगटाचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजातील पाहणीत या विकाराचे प्रमाण पुरुषांत ४.३ टक्के, तर स्त्रियांत ४.० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. रुग्णालयांत आलेल्या रुग्णांत मात्र सुमारे ६८ टक्के पुरुष होते. ऑस्लर यांच्यासमोर ज्या स्त्रिया बसल्या होत्या, त्यांच्या भारतीय भगिनी बहुतांशी घरीच होत्या.