गुंड्यांचे शंख

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलपुढे नतमस्तक होतो आणि बहुधा तिथूनच परततो. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे ३० किलोमीटरवर वंडूर आहे. तिथली १५ बेटे आणि भोवतालचा समुद्र १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. खारफुटीत मगरी, पाण्याखाली प्रवाळ आणि ते कुरतडणारे पोपटमासे.

अंदमानच्या या समुद्रावर पूर्वी डोळा होता तो शंख काढणाऱ्यांचा. ट्रोकस आणि टर्बो या शंखांच्या आतल्या चकचकीत थरापासून शर्टाच्या गुंड्या होत. प्लॅस्टिकची गुंडी आली नसती तर हे शंख कितपत उरले असते, शंकाच आहे. (त्याच प्लॅस्टिकला आता जॉली बॉय बेटावर मज्जाव!) प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे छत्र मिळायला मात्र २००१ साल उजाडले.

पण कायदा माणसाचा हात धरतो, समुद्राचा नव्हे. २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानचा किनारा खचला. २०१० मध्ये पाणी तापले आणि प्रवाळ पांढरेफटक पडले. काचेच्या तळाच्या होडीतून पाहाल तेव्हा रंगीत माशांखालचा तो मेलेल्या प्रवाळांचा करडा चुराही जरूर पाहा.